पोस्टाची बॅग दीडला जाते: मालवण किनाऱ्यावरच्या एका ऑनलाइन घरउद्योगाला रोजची घडी कशी बसली

पार्श्वभूमी

मालवण तालुक्यातलं समुद्रालगतचं एक गाव. गावाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चाळिशीतल्या एक वहिनी (गिऱ्हाइकंही त्यांना वहिनीच म्हणतात) आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), कुळथाचं पीठ, मालवणी मसाला आणि आंबापोळी व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरून विकतात. माल मुख्यतः मुंबई, ठाणे आणि पुण्याला जातो. यजमान हापूसची बाग बघतात, धाकट्या जाऊबाई त्याच घरात राहतात आणि पुतण्या डोंबिवलीला नोकरी करतो. इन्स्टाग्रामचं पान त्यानंच सुरू करून दिलं होतं.

या धंद्याची मांडणी आधी समजून घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे निर्णय तिथूनच आले. कोकमं एप्रिल-मेमध्ये पिकतात. फळ फोडून सालं उन्हात घालायची, गराच्या रसात मीठ घालून त्याची पुटं द्यायची, पुन्हा वाळवायचं, आणि पाऊस लागायच्या आत सगळं बरण्यांत भरून ठेवायचं. आंबापोळीचंही तसंच. म्हणजे माल तयार होतो दीड-दोन महिन्यांत, विकला जातो वर्षभर. वाळवणाची शिस्त या घरात पिढ्यान् पिढ्यांची आहे. आभाळ भरून आलं तर कोण काय उचलणार हे कुणाला सांगावं लागत नाही. पण ऑर्डर घेणं, भरणं, पाठवणं, हिशेब लिहिणं हे रोजचं काम घरात नवीन होतं. त्याला ना जागा ठरलेली होती ना वेळ.

अडचण

पहिली दोन वर्षं विक्री वाढत गेली आणि त्याच वेगानं गोंधळही वाढला. वहिनी सकाळी उठल्यापासून रात्री साडेअकरापर्यंत फोनवर असत, आणि तरीही पार्सलं अडकत. गिऱ्हाइकाला उत्तर चुलीपाशी उभं राहून दिलं जाई, ऑर्डर ‘नंतर लिहू’ म्हणून राही, आणि संध्याकाळी तो निरोप चाळीस निरोपांच्या खाली गेलेला असे. बारा वाजता भरायला बसलं की बरणीतली आमसुलं काढून वजन करण्यापासून सुरुवात. पिशवी सापडली तर चिकटपट्टी संपलेली. गावातलं शाखा डाकघर थोडेच तास उघडं असतं आणि बॅग दीडला निघते. पावणेदोनला पोचलं की पोस्टमास्तरांचं उत्तर ठरलेलं: “बॅग गेली. आता फाल्या.” म्हणजे उद्या.

सल्ला देण्याआधी सल्लागारानं एक आठवडा नुसती नोंद ठेवायला सांगितली. धंद्यासाठी फोन हातात घेतला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं एक रेघ, आणि प्रत्येक ऑर्डरीपुढे दोन तारखा: पैसे कधी आले, पार्सल कधी गेलं. दिवसाला साठ-सत्तर रेघा निघाल्या. आठवड्यातल्या ३४ ऑर्डरींपैकी १२ त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गेल्या होत्या, आठ तीन दिवसांहून जास्त रखडल्या होत्या. एका बाईंचे पैसे जमा होते आणि ऑर्डर कुठेच लिहिलेली नव्हती.

ही नोंद फार उपयोगी पडली. घरातल्या सगळ्यांचा समज होता की काम झेपत नाही. प्रत्यक्षात एक पार्सल भरायला माल पिशवीत तयार असला तर आठ-दहा मिनिटं लागत होती. सहा पार्सलं म्हणजे तासभर. वेळ जात होता तो पुन्हा पुन्हा सुरुवात करण्यात: वही शोध, वजनकाटा काढ, पत्ता परत विचार, पैसे आले का बघ.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय वहिनींनी स्वतःच करून पाहिला होता. इंटरनेटवरच्या सल्ल्याप्रमाणे पहाटे पाचला उठून तासातासाचं वेळापत्रक. ते नऊ दिवस टिकलं. नळाला पाणी येण्याची वेळ, मुलांचे डबे, बागेतल्या गड्यांचा चहा आणि पाच वाजता दारात आलेली मासेवाली हे सगळं त्या वेळापत्रकाच्या बाहेर होतं. पहिलीच ओळ चुकली की खालच्या सगळ्या ओळी चुकत, आणि मग वाटे की आपल्याला शिस्तच नाही. हा निष्कर्ष अन्यायाचा होता. ते वेळापत्रक ज्या घरासाठी लिहिलेलं होतं ते घर हे नव्हतं.

दुसरा पर्याय पगारी माणूस ठेवण्याचा. महिन्याची उलाढाल तेवढी नव्हती, आणि कामाची रीतच ठरलेली नसताना आणखी एक माणूस आला की गोंधळ दोघांत वाटला जातो, कमी होत नाही.

तिसरा, मोठ्या विक्री संकेतस्थळावर माल टाकायचा. तिथे ऑर्डर आपोआप नोंदली जाते हे खरं. पण कमिशन जातं, परत आलेला माल अंगावर पडतो, आणि ठरल्या मुदतीत माल दिला नाही तर विक्रेत्याचं मानांकन घसरतं. रोजची घडी बसलेली नसताना तिथे जाणं धोक्याचं होतं. घडी बसल्यावर बघू, असं ठरलं.

चौथा पर्याय निवडला: दिवसभरातलं घड्याळ सोडून द्यायचं आणि जे रोज घडतंच अशा गोष्टींना काम बांधायचं. या घरात अशा तीन गोष्टी होत्या. मुलं शाळेत जातात, पोस्टाची बॅग निघते, आणि तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागतो. यातली बॅग सगळ्यांत महत्त्वाची, कारण ती कुणाच्या मनावर अवलंबून नाही. सोमवार ते शनिवार जाते म्हणजे जाते. वहिनींच्या इच्छाशक्तीपेक्षा ती भरवशाची होती.

काय केलं

*सकाळ: डबे गेल्यावर पाऊण तास.* साधारण सव्वानऊला मुलं गेली की वहिनी ओटीवरच्या टेबलाशी बसतात. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये चार लेबलं केली: ‘उत्तर द्यायचं’, ‘पैसे बाकी’, ‘भरायचं’, ‘गेलं’. निरोप सगळ्यांत जुन्यापासून वर वाचत यायचे. उघडलेला प्रत्येक निरोप लेबल लावल्याशिवाय बंद करायचा नाही. ‘भरायचं’ हे लेबल फक्त बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा दिसली तरच. गिऱ्हाइकानं पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर नाही. खोटे स्क्रीनशॉट येतात, आणि खरा स्क्रीनशॉट असूनही व्यवहार अडकलेला असू शकतो. नाव, पिनकोडसह पूर्ण पत्ता, फोन, माल आणि जमा रक्कम या पाच गोष्टी पुऱ्या झाल्या की ऑर्डर वहीत चढते.

वही कागदाचीच ठेवली. पुतण्याचा आग्रह ऑनलाइन तक्त्याचा होता. पण पावसाळ्यात वीज जाते, टॉवर बंद पडतो, आणि ज्या दिवशी तक्ता उघडत नाही त्या दिवशी सवय मोडते. वही मुख्य, तक्ता तिची नक्कल: पुतण्या रविवारी वहीच्या पानांचे फोटो बघून तो भरतो.

*दुपारपर्यंत: बॅगेआधीचं काम.* स्वयंपाक आटोपून अकराला भरायला बसायचं, साडेबाराला पार्सलं घराबाहेर. या वेळात फोन माजघरात राहतो. निघण्याआधी पोस्टमास्तरांना एक फोन, कारण नेट नसलं की शाखेत बुकिंग अडतं. तसं असेल तर पार्सलं यजमानांबरोबर तालुक्याला जातात.

भरण्याचं काम हलकं करण्यासाठी दोन बदल केले, आणि या प्रकरणातला सर्वांत जास्त फायदा बहुधा त्यांनीच दिला. पहिला: वजन करून पिशव्या भरणं रोजच्या कामातून काढलं. सोमवारी आणि गुरुवारी जाऊबाई अर्धा किलोच्या आमसुलांच्या, पाव किलोच्या मसाल्याच्या, एक किलोच्या पिठाच्या पिशव्या एकदम भरून सीलिंग मशीननं बंद करतात. त्याच वेळी तारीख, बॅच क्रमांक आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी नोंदणी क्रमांक असलेली चिठ्ठी लागते. पूर्वी घाईत तारीख राहून जाई. दुसरा: खोके सात प्रकारचे होते, ते दोन केले. मापं बघून ठरवली, कारण बहुतेक कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि ते वजन प्रत्यक्षाहून जास्त आलं तर त्याचे पैसे लावतात. ३० × २५ × २० चा खोका म्हणजे तीन किलो, आत आमसुलं एकच किलो असली तरी. असे मोठे खोके पूर्वी सर्रास वापरले जात, कारण हाताला तेच लागत.

आगळाची बाटली हा वेगळा विषय. झाकण घट्ट लावून त्यावर चिकटपट्टी, मग बाटली स्वतंत्र पिशवीत सीलबंद, मग फुग्यांचं प्लास्टिक, आणि पाचपदरी खोका. पिशवीची पायरी वगळली तर गळलेलं आगळ शेजारचं पीठही घेऊन जातं. म्हणून आगळ असलेली पार्सलं आधी भरायची, घाईच्या शेवटच्या वीस मिनिटांत नाही.

*संध्याकाळ: दिवा लागल्यावर अर्धा तास.* सल्ल्यामध्ये सगळ्यांत जास्त जोर इथे दिला होता. नवीन सवयींचं बोलणं बहुतेक वेळा सकाळपासून सुरू होतं; पण सकाळ बिघडते ती आदल्या संध्याकाळी काम अर्धवट राहिल्यामुळे. पोस्टाच्या पावत्यांचे फोटो ज्याच्या त्याला पाठवायचे (१३ अक्षरी क्रमांक टाइप करताना एखादा आकडा हमखास चुकतो), लेबल बदलून ‘गेलं’ करायचं, दिवसाची जमा वहीत लिहायची, आमसुलं, आगळ आणि आंबापोळी या तीनच मालांच्या उरलेल्या पिशव्या मोजायच्या. मग उद्याचं पहिलं खोकं पत्ता चिकटवून टेबलावर ठेवायचं आणि फोन बाजूला. सातनंतर सुरू झालेलं हे काम साडेसातला संपतंच असं नाही, पण आठला उत्तरं बंद.

*गिऱ्हाइकांना सांगणं.* इथे घरात खरा मतभेद झाला. पुतण्याचं म्हणणं, “काकी, मुंबईत दहा मिनिटांत सामान घरी येतं. तुम्ही उत्तराची वेळ लिहिलीत तर लोक दुसरीकडे जातील.” त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. पण वर्षाचं कोकम मागवणाऱ्याला ते दहा मिनिटांत नको असतं. कधी येणार हे पक्कं कळायला हवं असतं. शेवटी महिनाभर करून बघू असं ठरलं. व्हॉट्सॲपवर आपोआप जाणारा निरोप लावला: “नमस्कार. निरोप मिळाला. आम्ही सकाळी सव्वानऊ ते दहा आणि संध्याकाळी सात ते आठ उत्तर देतो. सकाळी नऊपर्यंत पैसे जमा झालेली ऑर्डर त्याच दिवशी पोस्टात जाते, त्यानंतरची दुसऱ्या दिवशी. रविवारी पोस्ट बंद.” किंमत, पोस्टखर्च, आमसुलं कशी साठवावीत, अशा रोजच्या प्रश्नांची उत्तरं ‘क्विक रिप्लाय’ म्हणून आधीच लिहून ठेवली.

इन्स्टाग्राम वहिनींच्या फोनवरून काढलं. नोंदीच्या आठवड्यात दिसलं होतं की एक फोटो टाकायला उघडलेलं ॲप पंचवीस मिनिटांनी बंद होतं. आता बुधवारी पार्सलं भरताना जाऊबाई तीन छोटे व्हिडिओ काढतात, पुतण्याला पाठवतात, आणि पान तोच सांभाळतो.

*आखूड दिवस.* घरात आजारपण, गावात मयत, दिवसभर वीज नाही, पाहुणे: असे दिवस येणारच. त्या दिवसासाठी दहा मिनिटांचं काम ठरवलं. पैसे भरलेल्यांना “आज पार्सल गेलं नाही, उद्या जाईल” एवढा एक निरोप, आणि वहीत तारीख घालून एक ओळ. बाकी काही नाही. सलग दोन आखूड दिवस चालतील, तिसऱ्या दिवशी जाऊबाई काम हातात घेणार.

हे ठरवताना एक अभ्यास डोळ्यांसमोर होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयी तपासल्या होत्या. एखादी गोष्ट आपसूक होऊ लागायला मध्यम कालावधी ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा. एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यावर फारसा परिणाम दिसला नव्हता. म्हणून सवयींबद्दल नेहमी ऐकू येणारी ‘२१ दिवसांत बघू’ ही भाषा वहिनींपाशी वापरली नाही. दहा आठवडे काही बदलायचं नाही, मग मोजायचं, असं ठरलं.

निकाल

सुरुवात जुलैत झाली, आणि पहिले तीन आठवडे वाईट गेले. संध्याकाळचं काम निम्म्या दिवशी राहिलं. कारण शोधल्यावर सापडलं: दिवा लागायच्या वेळेला मुलं अभ्यासाला त्याच टेबलावर बसत. वही आणि पावत्या देवघराशेजारच्या फडताळात हलवल्यावर काम सुरळीत झालं. इतक्या क्षुल्लक गोष्टीवर सवय अडते, आणि दोष मात्र माणसाच्या आळसाला दिला जातो.

गणपतीत धंदा सात दिवस बंद ठेवला. तारखा दहा दिवस आधी सांगितल्या. चाकरमानी मंडळी जाताना आमसुलं-मसाला हातोहात नेतात, त्यामुळे विक्रीही बुडाली नाही. परतीचा दिवस विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचा ठरलेला होता, आणि तो मुद्दाम आखूड ठेवला. हे चांगलं जमलं. सुट्टीनंतर साचलेलं सगळं एकाच दिवशी उपसायला गेलं की माणूस दमतो आणि दुसऱ्या दिवशी टेबलाकडे फिरकत नाही.

दहा आठवड्यांनंतर पुन्हा एक आठवडा मोजला. ४१ ऑर्डरी, त्यातल्या ३७ त्याच किंवा दुसऱ्या दिवशी गेलेल्या. कॅलेंडरवरच्या रेघा दिवसाला पंधरा-वीसवर आल्या होत्या. ‘पार्सल कुठे आहे’ हे निरोप जवळजवळ थांबले, कारण पावतीचा फोटो विचारण्याआधीच पोचत होता. वेळ लिहिल्यामुळे गिऱ्हाईक तुटल्याचं दिसलं नाही. दोघा-तिघांनी रात्री फोन केले, सकाळी उत्तर मिळाल्यावर त्यांनीही माल घेतला.

पावसाळ्यात एक नुकसान मात्र झालं. आमसुलांत मीठ असतं आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं. एका गुरुवारी मुसळधार पावसात बरण्या दोन तास उघड्या ठेवून पिशव्या भरल्या, त्या महिन्याभरात आतून ओल्या झाल्या. तेव्हापासून बरणी एका वेळी एकच उघडायची, आणि सर लागलेली असेल तर गुरुवारचं भरणं शुक्रवारी. ठरलेला वार पाळण्यापेक्षा माल महत्त्वाचा.

मोठी पडझड मेमध्ये झाली. हापूसच्या पेट्यांची मागणी वहिनींच्याच नंबरवर येऊ लागली. आंब्याचं गणित पार वेगळं: फळ थांबत नाही, पेट्या पोस्टानं नाही तर गाडीनं रात्री जातात, आणि गाडी भरेपर्यंत फोन सुरू ठेवावाच लागतो. त्यातच नवीन कोकमं फोडायला आलेली. तीन आठवडे संध्याकाळची मोजणी झाली नाही, आणि संपलेल्या आंबापोळीच्या नऊ ऑर्डरी घेतल्या गेल्या. पैसे परत करावे लागले. पाऊस लागल्यावर घडी पुन्हा बसली, या वेळी दहाबारा दिवसांतच.

काय वेगळं करता आलं असतं

मेचा प्रश्न आधी दिसायला हवा होता. कोकणातल्या घराचं वर्ष सपाट नसतं. हंगाम, गणपती, शिमगा हे सगळं तारखांसह माहीत असतं. हंगामाचा वेगळा दिवस मार्चमध्येच कागदावर उतरायला हवा होता. आंब्यासाठी दुसरा नंबर, तो यजमानांच्या हाती. पोस्टाची पार्सलं आठवड्यातून दोनच दिवस, तसं गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगून. आणि संध्याकाळच्या कामातली फक्त मोजणी ठेवायची, बाकी सोडायचं. सगळं एकदम वगळलं गेलं, कारण काय वगळायचं हे कुणी ठरवलेलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट जाऊबाईंच्या कामाची. पहिले दोन महिने त्या भरण्याचं काम घरचं म्हणून करत होत्या, मोबदल्याचं कुणी बोललं नाही. सप्टेंबरात त्या दोन सोमवार माहेरी निघून गेल्या तेव्हा विषय निघाला. आता दर पार्सलमागे २५ रुपये ठरले आहेत आणि ते शनिवारी वहीतून मोजून दिले जातात. या सगळ्या व्यवस्थेचा अर्धा भार त्यांच्या सोमवार-गुरुवारवर आहे. पैशाचं बोलणं पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. जाऊ-जाऊंमध्ये ते अवघड जातं हे माहीत असलेल्या सल्लागारानं ते स्वतःहून काढायला हवं होतं.

पत्ते छापण्याचा छोटा थर्मल प्रिंटर तिसऱ्या महिन्यात घेतला. तो आधी घेतला असता तर हातानं लिहिलेल्या पिनकोडमुळे परत आलेली चार पार्सलं वाचली असती. उलट बाजूनं, पहिल्याच आठवड्यात यंत्र आणलं असतं तर दहा आठवडे यंत्राशी झगडण्यात गेले असते. इथे ठाम उत्तर नाही. एवढं नक्की की थर्मल कागदावरची अक्षरं उन्हानं आणि काही चिकटपट्ट्यांच्या डिंकानं पुसट होतात. चिठ्ठी पारदर्शक पाकिटात घालून मगच खोक्यावर लावावी. बारकोडवर चमकणारी पट्टी आडवी ओढू नये, तो वाचला जात नाही.

मोठ्या विक्री संकेतस्थळाचा विषय अजून उघडलेला नाही. मेसकट पूर्ण वर्ष ‘गेलं’ हे लेबल दुसऱ्या दिवसाच्या आत लागत राहिलं तरच तो काढायचा, असं वहिनींनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. त्याखाली येत्या मार्चची कामं आहेत: दुसरा नंबर, पोस्टाचे दोन वार आणि आंबापोळीच्या पिशव्यांची मोजणी कोण करणार त्याचं नाव.